सर लुड्विग गुटमन व अपंगांचें क्रीडांगण

इंग्लंडांत शनिवारीं दुपारीं फुटबॉलच्या सामन्यास जाणें हा कित्येक घराण्यांचा कुलाचारच आहे. आजोबा ज्या संघाचे, त्याच संघाचा बाप आणि त्याच संघाचीं मुलें. आपापल्या संघाच्या रंगाचे लोकरी गळपट्टे घालून हीं सर्व मंडळी मैदानाच्या फाटकाशीं जमतात. त्या गर्दींत हल्लीं चाकांच्या खुर्चींत बसलेलीं माणसेंहि आढळतात. आज तेथें त्यांकडे कोणी वळून पाहत नाहीं. परंतु शंभर वर्षांपूर्वीं हें दृश्य कोणासहि दिसलें नसतें. कारण ज्याचा पाठीचा कणा मोडला तो मनुष्य मैदानाच्या फाटकापर्यंत पोहोंचावयास जिवंतच राहत नसे. त्यास जगविणें हें वैद्याचें काम आणि तो जगल्यावर त्यास फाटकांतून आंत घेणें हें गवंड्याचें काम, अशी वांटणी कोणी करील. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यास ही वांटणी मान्य नव्हती. रोग्याची जखम भरली, पण तो घरांतील कोपऱ्यांत पडून राहिला, तर आपली चिकित्सा अर्धवट राहिली असें तो समजे.

लुड्विग गुटमन यांचा जन्म ता. ३ जुलै १८९९ रोजीं सायलीशिया प्रांतांतील टोस्ट नांवाच्या लहानशा गांवीं एका यहुदी कुटुंबांत झाला. तो भाग तेव्हां जर्मनीकडे होता. आतां तो पोलंडांत मोडतो व गांवास तोशेक म्हणतात. लुड्विग लहान असतांनाच तें कुटुंब कोनिग्सह्यूट या शहरीं राहावयास गेलें. तेथें कोळशाच्या खाणी पुष्कळ, आणि खाणी तेथें अपघात हे ओघानेंच आले. १९१७ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतां, अठरा वर्षांचा हा तरुण तेथील अपघात-रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून काम करूं लागला. एके दिवशीं एका तरुण खाणकामगारास तेथें आणण्यांत आलें. शरीर चांगलें कणखर, परंतु पाठीचा कणा मोडलेला आणि कमरेखालील भाग निर्जीव. डॉक्टरांनीं त्यास प्लास्टरच्या वेष्टनांत घालून पडद्याआड निजविलें. लुड्विग त्याची हकीकत टिपून घेऊं लागला, तेव्हां हा कांहीं आठवड्यांचाच सोबती असल्यामुळें फार लिहिण्याचे श्रम घेऊं नयेत, असें वरिष्ठांनीं त्यास सुचविलें. आणि झालेंहि तसेंच. शय्याव्रणें चिघळलीं, मूत्रमार्गांत पू झाला, आणि सुमारें पांच आठवड्यांत तो धडधाकट तरुण मरण पावला. त्या खाणकामगाराचें चित्र गुटमन यांच्या मनांतून जन्मभर पुसलें गेलें नाहीं. त्यांस खटकलें तें एवढेंच कीं, त्या मनुष्यास मोडलेल्या कण्यानें मारिलें नाहीं. हा आतां मरणारच, या सर्वांच्या समजुतीनें त्यास मारिलें.

पुढें ब्रेस्लाउ व फ्रायबुर्ग येथील विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास करून १९२४ सालीं ते डॉक्टर झाले. ब्रेस्लाउ येथें ऑटफ्रिड फोर्स्टर या मज्जातंतुशास्त्रांतील नामांकित गुरूच्या हाताखालीं त्यांनीं कित्येक वर्षें काम केलें. गुरु कडक व शिष्य हट्टी, तरी त्या कामांत दोघांचें उत्तम जमलें असें दिसतें. परंतु १९३३ सालीं जर्मनींत नाझी पक्षाच्या हातीं सत्ता गेली आणि यहुदी डॉक्टरांस सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यांत आलें. गुटमन यांस मग शहरांतील यहुदी रुग्णालयांत जावें लागलें व १९३७ सालीं ते तेथील मुख्य वैद्याधिकारी झाले.

१९३८ च्या नोव्हेंबरची ९ वी तारीख ही जर्मनीच्या इतिहासांतील एक काळी रात्र होय. त्या रात्रीं यहुदी लोकांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, दुकानें फोडण्यांत आलीं व हजारों पुरुषांस पकडून छळछावण्यांत धाडण्यांत आलें. गुटमन यांनीं आपल्या रुग्णालयांत हुकूम सोडला कीं, आज जो कोणी दारीं येईल त्यास कांहींएक न विचारतां रोगी म्हणून दाखल करून घ्यावें. दुसऱ्या दिवशीं पोलीस अधिकारी आले व रात्रींतून इतके रोगी कोठून आले याचा जाब विचारूं लागले. डॉक्टरांनीं त्यांस प्रत्येक खाटेपाशीं नेलें व प्रत्येकास कोणता भयंकर रोग झाला आहे याचें निदान गंभीरपणें सांगितलें. खाटेवरच्यास खुणावून तोंड वेडेंवांकडें करावयास लाविलें. अशा रीतीनें ६४ जणांपैकीं ६० जण वांचले. पुढें अपंगांच्या प्रवेशासाठीं हेंच दार-उघडणें त्यांनीं निराळ्या रीतीनें चालविलें, म्हणून ही हकीकत आम्हीं जरा विस्तारानें दिली.

यानंतर लौकरच त्यांस देश सोडण्याची संधि मिळाली. पोर्तुगालांतील एका वजनदार रोग्यास तपासण्यासाठीं नाझी सरकारनेंच त्यांस तिकडे पाठविलें. परत येतांना ते लंडनला उतरले, आणि परागंदा विद्वानांस साह्य करणाऱ्या तेथील मंडळीनें त्यांची इंग्लंडांत येण्याची व्यवस्था लावून दिली. १९३९ च्या मार्च महिन्यांत पत्नी एल्झ व दोन मुलें यांसह ते ऑक्सफर्डास पोहोंचले. त्या मंडळीनें त्यांस २५० पौंड दिले होते. त्यावर संसार पुन्हां मांडावयाचा होता. वय चाळिशीच्या घरांत, भाषा परकी, उच्चार जर्मन, आणि सहा महिन्यांतच त्याच जर्मनीशीं इंग्लंडचें युद्ध जुंपलेलें! ज्या डॉक्टरानें ब्रेस्लाउत रुग्णालय चालविलें होतें, त्यास येथें चारपांच वर्षें संशोधनाच्या खोलींत बसावें लागलें. त्यांस हें फार जड गेलें.

१९४३ सालीं त्यांस बोलावणें आलें. दोस्त सैन्यें युरोपांत उतरणार हें ठरलें होतें आणि कण्यास गोळी लागलेले शिपाई मोठ्या संख्येनें येतील हें सरकारास दिसत होतें. बकिंगहॅमशर परगण्यांत एल्सबरी गांवाजवळ स्टोक मँडेव्हिल येथें एक रुग्णालय होतें. तेथें अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग काढावा व गुटमन यांनीं तो पाहावा असें ठरलें. कोणाहि शहाण्या डॉक्टरानें ही जागा पत्करली नसती, कारण या रोगांत यश म्हणून कांहीं नसतेंच असा समज होता. गुटमन यांनीं एकच अट घातली: आपल्या पद्धतींत कोणीं ढवळाढवळ करूं नये. ता. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं हा विभाग उघडला. पहिल्या दिवशीं रोगी एकच होता.

त्यांची पद्धति काय होती? ऐकून वाचकांस ती अगदींच साधी वाटेल. ज्यास कमरेखालीं स्पर्श कळत नाहीं, त्यास एका कुशीवर फार वेळ निजल्याचें दुःखहि कळत नाहीं. त्या जागीं रक्त पोहोंचत नाहीं, कातडी मरते, व्रण पडतो आणि त्या व्रणांतून सर्व शरीर विषारी होतें. यास उपाय एकच, तो असा कीं, दर दोन तासांनीं रोग्यास कुशीवर वळविणें. दिवसा तसेंच रात्रीं, एकदांहि न चुकतां. प्लास्टरचीं वेष्टनें त्यांनीं कापून फेंकून दिलीं. मूत्रनलिका घालतांना पराकाष्ठेची स्वच्छता पाळण्याचा नियम केला व प्रथम प्रथम तें काम ते स्वतः करीत. मध्यरात्रीं किंवा पहांटेस हातांत विजेरी घेऊन ते अचानक येत आणि रोग्यास वळविलें कीं नाहीं हें पाहत. न वळविल्यास कोणाची धडगत नसे. परिचारिका त्यांस चळचळ कांपत. स्वभावानें ते तापट, हुकमी आणि आपलेंच खरें करणारे होते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. खात्यांतील अधिकाऱ्यांशीं त्यांचे खटके नित्याचे. रोगी मात्र त्यांस पॉपा म्हणजे बाबा म्हणत. पांगळा पर्वत ओलांडतो हें आपल्याकडे ईश्वरी कृपेचें लक्षण समजतात. स्टोक मँडेव्हिल येथें त्या कृपेचें साधन कोणा तरी थकलेल्या परिचारिकेचे रात्रीं दोन वाजतां पुढें झालेले हात हें होतें.

रोगी जगूं लागले, आणि मग निराळाच प्रश्न उभा राहिला. वीस-बावीस वर्षांचे हे तरुण. कोणी वैमानिक, कोणी पायदळांतील शिपाई. कालपर्यंत रविवारीं फुटबॉल खेळणारे. जगून आतां करावयाचें काय? गुटमन यांनीं रुग्णालयांत सुतारकाम, घड्याळें दुरुस्त करणें, टंकलेखन असे उद्योग सुरू केले व अमक्या वेळीं उठून अमुक काम केलेंच पाहिजे असा दंडक घातला. आपला रोगी बरा झाला याची त्यांची खूण म्हणजे तो मिळवता होऊन सरकारास कर भरूं लागला ही होती. दया दाखविणाऱ्यांचा त्यांस तिटकारा असे.

एके दिवशीं रुग्णालयाच्या अंगणांत कांहीं रोगी चाकांच्या खुर्च्यांवर बसून, काठ्या उलट्या धरून, एक लांकडी चकती इकडून तिकडे ढकलीत असलेले त्यांस दिसले. दुसरा डॉक्टर असता तर ओरडला असता. गुटमन यांनीं एक खुर्ची घेतली व व्यायामशिक्षकास बरोबर घेऊन ते स्वतः खेळावयास बसले. त्या खेळास त्यांनीं पोलो म्हटलें. पण तो फार धसमुसळा होऊं लागला, काठ्यांचे मार बसूं लागले, म्हणून तो बंद करून जाळींत चेंडू टाकण्याचा खेळ आणण्यांत आला. सर्वांत त्यांचा आवडता खेळ तिरंदाजी होता. धनुष्य ओढल्यानें खांदे व पाठ बळकट होतात हें एक कारण. दुसरें कारण त्याहून मोठें. तीर मारतांना पाय चालवावे लागत नाहींत. म्हणून खुर्चींत बसलेला मनुष्य उभ्या असलेल्या मनुष्याशीं बरोबरीनें स्पर्धा करूं शकतो. त्यास वेगळी पंगत नको. १९८४ सालीं न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल या बाईंनीं चाकांच्या खुर्चींतून लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकांतच तिरंदाजी केली, तेव्हां गुटमन यांचा हा हिशोब किती अचूक होता हें जगास दिसलें. तो दिवस पाहावयास ते हयात नव्हते.

आपल्याकडे क्रीडासमारंभाच्या दिवशीं पायानें अधू असलेल्या मुलाकडे इतरांचे कपडे व चपला सांभाळण्याचें काम येतें. तें मूल कुरकुर करीत नाहीं, म्हणून त्याचा विचारहि कोणाच्या मनांत येत नाहीं. घरीं क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या सामन्यास निघतांना त्यासच मागें ठेवितात. गर्दींत त्याचे हाल होतील ही काळजी त्यांत असते आणि ती खोटी नसते. गुटमन यांनीं जें केलें त्याचें मर्म ध्यानांत येण्यास हें चित्र डोळ्यांपुढें असलेलें बरें.

१९४८ च्या जुलै महिन्याची २९ वी तारीख. लंडनच्या वेंब्ली स्टेडियमांत, ज्यांत इंग्लंडमधील मोठे फुटबॉल सामने होत असत, त्या दिवशीं ऑलिंपिकचा उद्घाटनसमारंभ झाला. युद्धानंतरचें तें पहिलेंच ऑलिंपिक. नेमक्या त्याच दिवशीं गुटमन यांनीं स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीचे सामने ठरविले. स्पर्धक अवघे १६. चौदा पुरुष व दोन स्त्रिया, सर्व युद्धांत जायबंदी झालेले. एक संघ तेथलाच व दुसरा रिचमंड येथील जायबंदी शिपायांच्या आश्रमाचा. त्याच दिवशीं अपंगांस चढतां-उतरतां येईल अशी मुद्दाम बनविलेली एक बस रुग्णालयास मिळाली. सामन्यांच्या गडबडींत या बसकडे चरित्रकारांचें फारसें लक्ष जात नाहीं, परंतु आमच्या मतें ती त्या दिवसाची महत्त्वाची वस्तु होती. बस नसेल तर मैदान कितीहि चांगलें असून काय उपयोग?

पुढल्याच वर्षीं, हे सामने एके दिवशीं अपंगांचे ऑलिंपिक होतील, असें गुटमन यांनीं जाहीर सभेंत सांगितलें. लोक हंसले. १९५२ सालीं नेदरलंडचे खेळाडू आले व सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० सालीं ते रोम शहरीं, ऑलिंपिक संपल्यावर एका आठवड्यानें, त्याच नगरांत भरले. २३ देशांतून सुमारें ४०० खेळाडू आले. अंतोनियो माल्यो या इटालियन डॉक्टरांनीं पुष्कळ खटपट केली होती. परंतु खेळाडू निवासस्थानाशीं पोहोंचले तों काय! इमारती खांबांवर उभ्या, आणि वर जावयास जिने. ज्यांनीं हजारों मैलांचा प्रवास केला ते पंधरा-वीस पायऱ्यांपाशीं अडले. शेवटीं इटलीच्या सैन्यांतील जवान आणण्यांत आले व त्यांनीं रोज खेळाडूंस खुर्चीसकट उचलून वर-खालीं नेलें. सामने आनंदांत पार पडले, पोप तेविसावे जॉन यांनीं खेळाडूंस भेट दिली. परंतु गुटमन यांच्यासारख्या माणसास दुसऱ्यानें उचलून नेणें हें साह्य म्हणून किती लागलें असेल व अपमान म्हणून किती, याचा अंदाज वाचकांनींच करावा. मनुष्यास पांगळें कोण करतो, गोळी कीं जिना, हा प्रश्न रोममध्यें स्वच्छ दिसला.

चार वर्षांनीं टोकियोस सामने झाले. तेथील डॉक्टर नाकामुरा हे स्टोक मँडेव्हिल येथें शिकून गेलेले. पण १९६८ सालीं मेक्सिको शहरानें नकार दिल्यामुळें सामने इस्राएलांत न्यावे लागले. आणि १९७२ सालीं म्यूनिखमधील ऑलिंपिक-नगरांतील घरें समारंभ संपतांच खाजगी लोकांस द्यावयाचीं असल्यामुळें अपंग खेळाडूंस तेथें जागा मिळाली नाहीं. हायडेलबर्ग विद्यापीठानें त्यांस आश्रय दिला. ज्या देशांतून गुटमन यांस पळून जावें लागलें त्याच देशांत ते या सामन्यांचे प्रमुख म्हणून परत आले.

हायडेलबर्गच्या या सामन्यांशीं आपल्या महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे श्री. मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यांत जवान होते व उत्तम मुष्टियोद्धे म्हणून गाजले होते. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या व कमरेखालील भाग लुळा पडला. पोहणें हा त्यांच्या उपचाराचाच एक भाग होता. १९६८ सालीं इस्राएलच्या सामन्यांत त्यांनीं टेबल टेनिसमध्यें भाग घेतला, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकांत भारतास मिळालेलें हें पहिलें सुवर्णपदक. त्याबद्दल भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली ती २०१८ सालीं, म्हणजे ४६ वर्षांनीं. यावर आम्ही अधिक कांहीं लिहीत नाहीं.

गुटमन यांस १९६६ सालीं सर ही पदवी मिळाली व १९७६ सालीं रॉयल सोसायटीचें सभासदत्व मिळालें. परंतु त्यांस सर्वांत अधिक समाधान झालें असेल तें १९६९ सालीं. त्या वर्षीं स्टोक मँडेव्हिल येथें अपंगांसाठीं म्हणून मुद्दाम बांधलेलें क्रीडागृह राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें उघडण्यांत आलें. दारें रुंद, जमीन सपाट, पायऱ्यांच्या जागीं उतार. बांधणारानें आधीं विचार केला तर कोणास उचलावें लागत नाहीं, हें तेथें विटा-चुन्यांत सिद्ध झालें. ता. १८ मार्च १९८० रोजीं त्यांचें देहावसान झालें. पुढें त्या क्रीडागृहास त्यांचेंच नांव देण्यांत आलें होतें.

आतां ज्या फुटबॉलच्या फाटकापासून आम्हीं आरंभ केला तेथें परत जाऊं. गुटमन यांचे रोगी बरे होऊन घरोघर गेले व त्यांच्यासारखे हजारों अपंग लोक इंग्लंडांत दिसूं लागले. खेळणारे त्यांत थोडे, पाहणारे पुष्कळ. सरकार अशा लोकांस तीन चाकांची, निळ्या रंगाची एक लहानशी मोटारगाडी फुकट देत असे. शनिवारीं या गाड्या फुटबॉलच्या मैदानांत थेट सीमारेषेच्या कडेस आणून उभ्या करूं देत. लंडनच्या स्टँफर्ड ब्रिज मैदानाच्या जुन्या छायाचित्रांत त्यांची रांग दिसते. व्यवस्था दयाळूपणाची होती खरी. परंतु त्या गाडींत बैठक एकच असे व दुसऱ्यास बसविण्याची मनाईच होती. म्हणजे बाप गाडींतून एकटा यावयाचा, मुलगा बसनें यावयाचा. बाप कांचेआड कडेला बसावयाचा आणि मुलगा वर हजारों लोकांत उभा राहावयाचा. गोल झाला म्हणजे ज्याच्या खांद्यावर हात टाकावयाचा तो मनुष्य शेजारीं नाहीं. पाऊस आला तर कांचेंतून दिसतहि नसेल.

ज्यांस अशी गाडी नसे त्यांचे हाल निराळे. जुन्या मैदानांचीं फिरतीं फाटकें एका वेळीं एकच सडपातळ मनुष्य जाईल अशीं. खुर्ची त्यांतून जाणें अशक्य. आंत पायऱ्या-पायऱ्यांचे उभे राहण्याचे चबुतरे. १९७० सालीं आल्फ मॉरिस या पार्लमेंटच्या सभासदांनीं खटपट करून एक कायदा मंजूर करून घेतला. सार्वजनिक इमारती बांधतांना अपंगांच्या सोयीचा विचार झाला पाहिजे असें त्यांत प्रथमच सांगण्यांत आलें. पण शक्य असेल तेथवर, अशी पळवाट त्यांत होती व पुष्कळांस तें शक्य वाटलें नाहीं. १९८९ सालीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानांत भयंकर चेंगराचेंगरी झाली. तींत ९७ माणसें बळी पडलीं. त्यानंतर न्यायमूर्ति टेलर यांच्या अहवालावरून मोठ्या संघांस आपलीं मैदानें पुन्हां बांधावीं लागलीं, आणि पाडापाडी व्हावयाचीच होती म्हणून उतार व रुंद दारें यांस वाव मिळाला. १९९५ च्या कायद्यानें अपंगांस सेवा नाकारणें हा गुन्हा नसला तरी दाव्याचा विषय झाला, व २००४ पासून इमारतींतील अडथळे दूर करण्याची जबाबदारी मालकांवर आली.

मैदान बांधणाऱ्यांच्या ध्यानांत जी गोष्ट फार उशिरां आली ती अगदीं क्षुल्लक दिसते. खुर्चींत बसलेल्यास पुढची रांग बसलेली असतांना सर्व कांहीं दिसतें. पण गोल होण्याच्या ऐन क्षणीं पुढचे सर्व लोक उठून उभे राहतात, आणि ज्या क्षणासाठीं तो आला तोच त्यास दिसत नाहीं. दिसतात त्या लोकांच्या पाठी. म्हणून त्याची जागा पुढच्या उभ्या माणसाच्या डोक्यावरून दृष्टि जाईल इतकी उंच असावी लागते. गुटमन यांनीं दर दोन तासांनीं कूस बदलावयास लाविलें त्याच जातीचा हा नियम होय. त्यांत करुणेपेक्षां मोजमाप अधिक. इंग्लंडांत या मोजमापांची पुस्तिका २००३ सालीं छापली गेली. २०१५ सालीं तेथील पहिल्या दर्जाच्या सर्व संघांनीं ऑगस्ट २०१७ पर्यंत ती पाळण्याचें वचन दिलें. जे संघ एकेका खेळाडूसाठीं कोट्यवधि पौंड मोजीत होते, त्यांपैकीं कांहींस त्या मुदतींत ती पाळतां आली नाहीं.

आणि अपंगत्व म्हणजे कांहीं पायांचेंच नसतें. २०१५ सालीं सन्डरलंड येथील स्टेडियमांत एक निराळी खोली करण्यांत आली. कांहीं मुलांस मोठा आवाज व गर्दी सहन होत नाहीं. अशाच मुलांच्या आईबापांनीं संघाकडे मागणी केली होती. त्या खोलीस मोठी कांच आहे. बाहेर चाळीस हजार लोक ओरडत असतां आंत मूल शांतपणें, आपल्या मनास येईल तसें, मैदानाकडे पाहूं शकतें व त्याचीं भावंडें सामना पाहण्यास मुकत नाहींत. पूर्वीं अशा घरांतून आई मुलाजवळ घरीं राहत असे व बाप इतरांस घेऊन जाई, किंवा कोणीच जात नसे.

नव्या मैदानांत खुर्चीच्या जागेशेजारीं नेहमीं एक साधी बैठक ठेवलेली असते. ती बरोबर आलेल्या माणसासाठीं. पूर्वीं ही बैठक मागल्या रांगेंत असली तरी चालेल असें कांहीं ठिकाणीं समजत. आतां ती शेजारींच असावी लागते, इतकी जवळ कीं हात पोहोंचेल.